एका प्रश्नाची दोन उत्तरे

मे महिन्यातील उन्हे उतरणीला लागलेली असतात. परीक्षाकेंद्राचे फाटक उघडते आणि अर्ध्या बाह्यांचे कपडे व पायांत साध्या चपला घातलेली शेकडो मुले-मुली बाहेर पडतात. दुपारपासून समोरच्या झाडाखाली ताटकळलेले आईबाप लगबगीने उठतात; परंतु मुलांची पावले प्रथम त्यांच्याकडे वळत नाहीत. ती एकमेकांकडे वळतात. प्रश्नपत्रिकेची पुस्तिका कुणाच्या तरी गुडघ्यावर उघडली जाते, पाच-सहा डोकी तिच्यावर वाकतात आणि विचारणा सुरू होते : "भौतिकशास्त्राच्या त्या प्रश्नाला तू काय लिहिलेस?"

या दृश्याकडे वडीलधारी मंडळी काहीशा कौतुकाने आणि काहीशा कीवेने पाहतात. झाले ते झाले, आता उत्तरे ताडून काय साधणार, असे त्यांचे म्हणणे असते. आम्हांस मात्र हा अर्धा तास फार मोलाचा वाटतो. दोन वर्षे ज्यांना परस्परांचे स्पर्धक म्हणून वाढविले, ती मुले या अर्ध्या तासात पुन्हा एकमेकांचे सहाध्यायी होतात. "माझे हे उत्तर आहे" एवढ्यावर तेथे भागत नाही, "कशावरून?" असा प्रश्न लगेच येतो आणि त्याचे कारण द्यावेच लागते. शिक्षण ज्याला म्हणावे ते बहुधा तेथेच, त्या झाडाखाली, घडत असते. आणि कधी कधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारा वादही तेथेच प्रथम उमटतो. २०२४ साली नेमके तेच घडले.

वैद्यकीय पदवीच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी 'नीट' ही परीक्षा त्या वर्षी ५ मे रोजी झाली. सुमारे २३ लाख ३३ हजार मुले तिला बसली. त्या परीक्षेतील पेपरफुटी, वेळ वाया गेला म्हणून १,५६३ परीक्षार्थींना दिलेले आणि नंतर काढून घेतलेले वाढीव गुण, त्यांची २३ जूनला घेतलेली फेरपरीक्षा, हे सारे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या गदारोळात भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची कहाणी मात्र मागे पडली. पेपरफुटीत चोर असतात आणि चोरांविषयी लिहिणे सोपे असते. या प्रश्नात चोर कोणीच नव्हता. म्हणूनच आजच्या परीक्षापद्धतीचे खरे रूप त्यात अधिक स्वच्छ दिसते, असे आमचे मत आहे.

प्रश्न असा होता. दोन विधाने दिलेली होती. पहिले असे की, अणूमध्ये धनप्रभार व ऋणप्रभार समान असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि ते आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. दोन्ही विधाने बरोबर आहेत, असे ज्यांस वाटले त्यांनी दुसरा पर्याय निवडला. पहिले बरोबर व दुसरे चूक, असे ज्यांस वाटले त्यांनी चौथा.

झाडाखाली जमलेल्या मुलांत येथेच फाटाफूट झाली असणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. कारण दोन्ही बाजूंच्या हातात पुस्तक होते आणि ते एकाच संस्थेचे, एनसीईआरटीचे, बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक होते. फरक एवढाच की एकाकडे जुनी आवृत्ती होती आणि दुसऱ्याकडे नवी. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे जुनी आवृत्ती सांगत होती. नव्या आवृत्तीने ते विधान बहुतेक मूलद्रव्यांपुरते मर्यादित केले होते. एका शब्दाचा हा फरक. पण त्या शब्दावर बरोबर आणि चूक अवलंबून होते.

आता विज्ञानाचा कौल काय? युरेनियम, रेडियम, पोलोनियम या मूलद्रव्यांचे अणू आपोआप फुटत असतात, त्यांतून किरणोत्सर्ग होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगाला ठाऊक आहे. मेरी व पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधून काढले ते १८९८ साली. तेव्हा 'प्रत्येक' मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, हे विधान जसेच्या तसे घेतले तर चूक आहे. चौथा पर्याय हेच योग्य उत्तर होय. येथे आम्हांस कोणताही संदेह नाही आणि गरिबाच्या मुलाने लिहिले म्हणून चुकीचे उत्तर बरोबर धरावे, असे म्हणण्याचा भाबडेपणाही आम्ही करणार नाही. निसर्गाचे नियम श्रीमंतास एक आणि गरिबास एक असे नसतात, हाच तर विज्ञानाचा समतेला सर्वांत मोठा आधार आहे.

परंतु जुन्या पुस्तकात ते वाक्य कोणी अडाण्याने लिहिले होते काय? तसेही नाही. 'स्थिर' या शब्दाला भौतिकशास्त्रात दोन अर्थ आहेत. रदरफोर्डने १९११ मध्ये अणूचे जे चित्र मांडले त्यात केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरत होते. तत्कालीन विद्युत्‌शास्त्राप्रमाणे असा फिरता इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावीत केंद्रकावर कोसळावयास हवा होता आणि क्षणार्धात अणू नाहीसा व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात अणू तर टिकून असतात! ही अडचण सोडविण्यासाठी १९१३ मध्ये नील्स बोरने आपला सिद्धांत मांडला आणि अणूचे टिकणे व त्याचा वर्णपट या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच वेळी केला. या अर्थाने, म्हणजे इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळत नाहीत या अर्थाने, युरेनियमचा अणूदेखील स्थिरच आहे. तो अस्थिर आहे तो त्याच्या केंद्रकामुळे. ज्या वाक्यात स्थिरता आणि वर्णपट शेजारी शेजारी येतात, ते वाक्य बोरच्या प्रश्नाची आठवण करून देते. आणि ज्याने हा धडा मन लावून वाचला आहे असा विद्यार्थी तेथे घुटमळणे अगदी स्वाभाविक आहे.

म्हणजे एक चांगला शिक्षक ज्यावर वर्गात पूर्ण तास चर्चा घडवून आणील असा हा प्रश्न होता. 'स्थिर म्हणजे कोणत्या अर्थाने?' एवढे विचारले असते तरी विद्यार्थ्याची समज तत्काळ कळली असती. पण चार वर्तुळांपैकी एक काळे करावयाचे आणि पुढे जावयाचे, अशी ज्याची रचना, त्या परीक्षेत 'कोणत्या अर्थाने?' असे विचारण्याची सोय नाही. तेथे बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो. संदिग्धता जाणवून ज्या परीक्षार्थीने प्रश्न कोराच सोडला, त्याच्या वाट्याला शून्य आले. अशाच एका परीक्षार्थीच्या वतीने हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

न्यायालयात तो जाण्यापूर्वी जे झाले तेही पाहिले पाहिजे. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेने, म्हणजे एनटीएने, प्रथम जी उत्तरसूची प्रसिद्ध केली तीत चौथाच पर्याय योग्य ठरविला होता. त्यावर हजारो हरकती आल्या. जुन्या पुस्तकातील वाक्य पुढे करण्यात आले. संस्थेने माघार घेतली आणि दोन्ही पर्यायांना गुण देऊन टाकले. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ परीक्षार्थींना ७२० पैकी ७२० गुण पडले होते. त्यांपैकी ४४ जणांना हे पूर्ण गुण या एका प्रश्नाच्या बदललेल्या उत्तरामुळे मिळाले होते. एकच विधान एकाच वेळी सत्यही आणि असत्यही, असा हा निवाडा होता. भांडण मिटविणाऱ्या पंचाला तो शोभला असता; परंतु विज्ञानाच्या परीक्षकाला तो शोभत नाही.

२२ जुलै रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने दिल्लीच्या आयआयटीच्या संचालकांस तीन तज्ज्ञ नेमून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर कळविण्यास सांगितले. तसे ते आले : चौथा पर्याय योग्य. परीक्षेनंतर ७९ व्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर ठरले. २६ जुलैला सुधारित निकाल लागला आणि पूर्ण गुण मिळविणारे १७ उरले. दुसरा पर्याय निवडणारे चार लाखांहून अधिक होते. त्यांना आधी मिळालेले चार गुण गेले आणि वर एक गुण कापला गेला, म्हणजे प्रत्येकी पाच गुणांचा फरक पडला.

पाच गुणांचे एवढे काय, असे कोणी विचारील. त्याने आकड्यांकडे पाहावे. त्या वर्षी वैद्यकीय पदवीच्या जागा होत्या सुमारे १ लाख ८ हजार. त्यांपैकी सरकारी महाविद्यालयांत सुमारे ५६ हजार आणि खाजगी महाविद्यालयांत सुमारे ५२ हजार. या दोन आकड्यांमधली रेषा ही गुणवत्तेची रेषा नव्हे. ती ऐपतीची रेषा आहे. सरकारी जागेच्या अलीकडे थांबलेल्या धनिकाच्या मुलाला वर्षाला लाखो रुपये मोजून खाजगी महाविद्यालयाचे दार उघडते. शेतमजुराच्या वा गिरणी कामगाराच्या मुलीला तेच दार भिंतीसारखे असते. गुणांच्या एकेका पायरीवर जेथे शेकडो परीक्षार्थी दाटीवाटीने उभे आहेत, तेथे पाच गुणांची घसरण एकाला महाविद्यालय बदलण्यापुरती, तर दुसरीला डॉक्टर होण्याचे स्वप्न सोडून देण्याइतकी महाग पडते. एकच चूक, एकच शिक्षा. पण शिक्षेचे वजन दोघांना वेगवेगळे. समान नियमांच्या पोटात विषमता कशी नांदते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

आणि जुने पुस्तक कोणाच्या हातात असते? आमच्या वाचकांपैकी ज्यांचे शिक्षण थोरल्या भावंडांच्या पुस्तकांवर झाले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तालुक्याच्या गावी पुस्तके वापरून जपून ठेवली जातात, धाकट्याला दिली जातात, मग शेजाऱ्याच्या मुलीला, मग रद्दीच्या दुकानातून अर्ध्या किमतीत आणखी कुणाला. या काटकसरीत लाजेचे काही नाही. तो गरिबांच्या परस्पर साहाय्याचा एक जुना, नीटस रिवाज आहे. महाराष्ट्रात तर आणखी एक पेच आहे. येथील बहुसंख्य मुले राज्य मंडळाची अकरावी-बारावी करतात. राज्य मंडळाची भौतिकशास्त्राची पुस्तके २०१९ व २०२० मध्ये बदलली. परंतु 'नीट'साठी एनसीईआरटीचे पुस्तक वेगळे मिळवावे लागते. तेही इंग्रजीतून, कारण दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल अकरावीच्या विज्ञानशाखेत आले की बहुतेक ठिकाणी भाषा बदलते. जे पुस्तक शाळेने दिलेले नाही, ते मिळेल त्या आवृत्तीत घेतले जाते. लातूर, कोटा वा पुणे येथील महागड्या शिकवणीवर्गांत शिकविणारे लोक नव्या-जुन्या आवृत्त्या ओळीओळीने ताडून पाहू शकतात आणि बदललेल्या शब्दावर विद्यार्थ्याचे बोट ठेवू शकतात. त्याचीच तर ते किंमत घेतात. ज्याला ती किंमत परवडत नाही त्याला बदललेला शब्द प्रथम कळतो तो परीक्षेनंतर, झाडाखाली.

ताज्या आवृत्तीप्रमाणे अभ्यास करावा, अशी विद्यार्थ्यांस सूचना होती, हे खरे. पण पुस्तकातील चूक दुरुस्त झाली हे प्रत्येक शाळेस व विद्यार्थ्यास कळविणे हे कोणाचे कर्तव्य? चूक छापली सरकारी संस्थेने, दुरुस्त केली तिनेच. आणि तिचा दंड मात्र भरला त्या मुलांनी ज्यांनी ती विश्वासाने पाठ केली होती. ज्यांनी छापले, त्यांचा एक गुणही कोणी कापला नाही.

दुसरी गोष्ट हरकतीची. संस्थेच्या उत्तरसूचीवर आक्षेप घ्यावयाचा असेल तर एका प्रश्नामागे दोनशे रुपये भरावे लागत होते आणि ते परत मिळत नव्हते. परीक्षेचे शुल्क खुल्या वर्गाला सतराशे रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना एक हजार रुपये, ते वेगळेच. ज्याच्या घरी दोनशे रुपये म्हणजे दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग, त्याने आपल्या म्हणण्यावर ते लावावे की लावू नयेत? शंका विचारणे हा विज्ञानाचा प्राण. त्या शंकेवर आपण कर बसविला आहे. निरर्थक हरकतींना आळा घालण्यासाठी शुल्क हवे, असे समर्थन केले जाते. मग हरकत खरी ठरली तर पैसे परत करण्यास अडचण काय असावी? आणि मूळ उत्तरामागचे कारण सूचीबरोबरच छापले तर निम्म्या हरकती येणारच नाहीत. एनटीएचे पहिले उत्तर योग्य होते. तरीही हरकतींपुढे तिला ते टिकविता आले नाही. उत्तराबरोबर कारण देण्याची सवय असती, तर 'रेडियमचे काय?' एवढा एक प्रश्न विचारून तिला आपले उत्तर राखता आले असते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप आम्ही विचारात घेतला पाहिजे. एकच परीक्षा आली म्हणून तर खाजगी महाविद्यालयांचे स्वतंत्र परीक्षांचे व देणग्यांचे बाजार आवरले. ती नको म्हणणे म्हणजे शिक्षणसम्राटांच्या हाती पुन्हा सूत्रे देणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. २०१६ पूर्वी वैद्यकीय प्रवेशासाठी एका मुलाला किती परीक्षांचे अर्ज भरावे लागत आणि देणगीच्या नावाखाली काय चालत असे, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु एका परीक्षेवर जेवढे अधिक ओझे, तेवढी तिची रचना अधिक काटेकोर व अधिक उत्तरदायी असली पाहिजे, हे तर त्याच युक्तिवादातून निघते. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने संघटितपणे पेपर फोडणाऱ्यांसाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड असलेला कायदा अमलात आणला. ते योग्यच झाले. पण सदोष प्रश्न काढणाऱ्या यंत्रणेने विद्यार्थ्यास काय देणे लागते, याविषयी कोणत्याही कायद्यात ओळ नाही. २०२५ मध्ये पर्यायी प्रश्न काढून टाकून १८० प्रश्न सक्तीचे केले गेले, भौतिकशास्त्राचा भाग एवढा कठीण निघाला की त्या वर्षी पूर्ण गुण कोणालाच मिळाले नाहीत. परीक्षा सोपी की कठीण, हा मुळात प्रश्नच नव्हता. तिने कारण द्यावे की न द्यावे, हा प्रश्न होता आणि तो तसाच राहिला.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. उत्तरसूचीसोबत प्रत्येक उत्तराचे कारण सर्व परीक्षाभाषांतून, मराठीतूनही, प्रसिद्ध व्हावे. हरकतीचे शुल्क रद्द करावे. निदान खरी ठरलेल्या हरकतीचे पैसे परत मिळावेत. पाठ्यपुस्तकातील आशय बदलला की त्याचे शुद्धिपत्रक प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर लागावे आणि दोन आवृत्त्यांत जेथे भेद आहे तेथे निदान दोन वर्षे तरी प्रश्न काढू नये. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी : सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा वाढाव्यात आणि खाजगी जागांचे शुल्क कष्टकऱ्यांच्या आवाक्यात आणावे, म्हणजे पाच गुणांवर कोणाचे आयुष्य टांगून राहणार नाही.

सरकारकडून हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या साथींनी करण्याजोगे काम पुष्कळ आहे. गावोगावच्या पुस्तकपेढ्या आपल्यापैकी अनेकांनी उभ्या केल्या आहेत. त्यांतील जुन्या पुस्तकांत बदललेल्या मजकुराच्या चिठ्ठ्या चिकटविणे हे दोन-तीन निवृत्त शिक्षकांचे महिन्याभराचे काम आहे. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर पाण्याचे माठ आपण ठेवतोच. त्यांच्या शेजारी विज्ञानाचा एखादा शिक्षक बसवावा. मुले उत्तरे ताडीत असतील तेथे त्याने बसावे, निकाल देऊ नये, फक्त 'कशावरून?' एवढे विचारावे. हरकत घेण्याजोगा प्रश्न निघाला आणि मुलाजवळ पैसे नसले तर ते दोनशे रुपये शाखेने भरावेत.

अणू स्थिर आहे की नाही, हे आवृत्तीवर ठरत नाही, उत्तरसूचीवर ठरत नाही आणि खरे म्हणजे न्यायालयातही ठरत नाही. ते ठरते पुराव्याने आणि मोकळ्या वादाने. त्या वादात ज्याच्याजवळ जुने पुस्तक आहे त्यालाही नव्या पुस्तकवाल्याइतकाच बोलण्याचा अधिकार असतो आणि आपली चूक कळली तर ती सुधारण्याची संधीही असते. झाडाखाली गुडघ्यावर पुस्तिका उघडून बसलेल्या मुलांनी हा अधिकार आजवर एकमेकांना बिनतक्रार दिला आहे. ज्या व्यवस्थेने त्यांची परीक्षा घेतली, तिने तो द्यावयास शिकणे अजून बाकी आहे.